ॲडव्हेंटच्या दिवसात घरच्यांना घेऊन कॅथलिक चर्चला जायचंय? सुरुवातीपासून सगळं सांगते

घरच्यांना चर्च दाखवायचं म्हटलं की सगळ्यांना नाताळची रात्र आठवते, आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नेमकी तीच टाळावी. त्या रात्री बाकं भरून लोक भिंतीला टेकून उभे असतात, लहान पोरांना पुढच्यांच्या पाठी सोडून काही दिसत नाही, आजीला बसायला जागा मिळेलच असं नाही आणि फादरांना दोन शब्द बोलायलाही फुरसत नसते. त्यापेक्षा नाताळच्या आधीचे जे चार रविवार असतात, ॲडव्हेंट किंवा आगमनकाळ, तेव्हा जा. चर्च तेव्हा मुद्दाम अर्धवट ठेवलेलं असतं. फुलं कमी, एक गाणं गायब, गव्हाणी रिकामी. या भेटीत काय काय नाहीये ते शोधायचं असतं आणि खरं सांगू का, हे काम मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त चांगलं जमतं.

हे सगळं कॅथलिक नसलेल्या घरांसाठी लिहितेय, आणि लहानपणी जायचो पण मध्ये बरीच वर्षं गेलोच नाही अशा कॅथलिक घरांसाठीपण. जिथे दोघांचं वेगळं आहे तिथे तसं सांगते.

आधी तारीख पकडा

ॲडव्हेंट दरवर्षी एकाच तारखेला सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कुठेतरी. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला आणि २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला. चर्चचं नवीन वर्षही याच रविवारी सुरू होतं, जानेवारीत नाही. रविवार कायम चारच, पण दिवस कमीजास्त होतात, कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८. २०२८ मध्ये तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडतोय, सकाळी ॲडव्हेंट आणि संध्याकाळी नाताळची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), त्यामुळे त्या वर्षी शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका, तो आठवडा नसणारच आहे.

कुठला रविवार निवडायचा? एकदाच जाणार असाल तर तिसरा. बाकीचे रविवार फादरांचा झगा जांभळा असतो, तिसऱ्याला गुलाबी घालायची मुभा आहे आणि हा रंग वर्षातून फक्त दोनच रविवारी दिसतो, एक हा आणि दुसरा उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या लेंटमधला चौथा. या रविवाराला गौदेते म्हणतात, त्या दिवशीची सुरुवातच 'प्रभूमध्ये सदा आनंद करा' या अर्थाच्या ओळीने होते, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातली. वाट बघण्यात अर्धा टप्पा ओलांडला म्हणून थोडं हसायची परवानगी, असं समजा. २०२६ मध्ये हा रविवार १३ डिसेंबरला आहे आणि २०२७ मध्ये १२ ला. प्रत्येक चर्चकडे गुलाबी झगा असतोच असं नाही हां, जांभळाच दिसला तर मुलांना आधी फार चढवून ठेवल्याचा पश्चात्ताप होईल.

रविवारी सकाळी जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा बघा, ती रविवारचीच धरतात आणि गर्दी सहसा कमी असते. काही चर्चमध्ये ॲडव्हेंटच्या शनिवारी पहाटे येशूची आई मरिया हिच्या नावाने मिस्सा होते, रोराते म्हणतात तिला, लाईट बंद आणि फक्त मेणबत्त्या, आणि संपेपर्यंत खिडकीतून उजाडायला लागतं. तुमच्या चर्चमध्ये असेल आणि पोरं पहाटे उठणारी असतील तर बाकी सगळं सोडा आणि तिथे जा. कुरकुरणारी असतील तर नको.

मिस्सेच्या आधी एकदा रिकामं चर्च बघून या

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं सगळ्यात कामाची हीच आहे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, मिस्सेची वेळ सोडून, अर्धा तास. आधी फोन करून उघडं असतं का ते विचारा, बरीच चर्च दुपारी बंद ठेवतात. मुलांना जे जे विचारायचंय, बोटं दाखवायचीयेत, बाकावर चढून बघायचंय ते सगळं आज होऊन जातं आणि मग रविवारी ती बऱ्यापैकी शांत बसतात.

दारात पाण्याचं छोटं भांडं असेल. कॅथलिक लोक त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात, कपाळ, छाती, मग डावा खांदा आणि उजवा. बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याच्या विधीची आठवण म्हणून. तुम्ही कॅथलिक नसाल तर करायची गरज नाही आणि पोराने बोट घातलंच तर कोणी रागावत नाही, फक्त त्याने हात धुवायला सुरुवात केली तर आवरा. चपलांचं म्हणाल तर दारात काढून ठेवलेल्या दिसल्या तर काढायच्या, नाहीतर घालूनच आत.

आत गेल्यावर एक छोटा लाल दिवा शोधा, वेदीच्या मागे किंवा बाजूला कुठेतरी जळत असतो, अगदी दिवसाढवळ्या. त्याच्या जवळ जी पेटी असते ती टॅबरनॅकल, त्यात कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर ठेवलेली असते आणि त्यात प्रत्यक्ष ख्रिस्त आहे असं कॅथलिक मानतात. बाकात शिरण्याआधी लोक उजवा गुडघा जमिनीला टेकवतात ते याच पेटीकडे बघून. तुम्ही नुसतं थांबून मान झुकवली तरी पुरे. याच कारणाने रिकाम्या चर्चमध्येसुद्धा हळू बोलायचं, लोकांना ते रिकामं वाटत नसतं.

मग हिरवा गोल शोधा. झाडाच्या हिरव्या फांद्यांचा हार आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, कधी मध्ये पाचवी पांढरी, ती नाताळची. दर रविवारी एक जास्त लावतात, गुलाबी तिसऱ्याला. जवळ जाऊन बघा, तिसऱ्या आठवड्यात गेलात तर पहिली सगळ्यात बुटकी झालेली असेल, कडेला मेण ओघळून फांदीवर थिजलेलं, आणि चौथीची वात अजून पांढरीशुभ्र. कितवा आठवडा चाललाय हे कॅलेंडर न बघता कळतं, मुलांना आधी न सांगता ओळखायला लावा. मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देतात ती रूढीने आलीत, नियमात कुठे नाहीत, त्यामुळे एखाद्या चर्चमध्ये वेगळी नावं ऐकलीत तर वाद घालू नका. गंमत म्हणजे ही चाल कॅथलिकांची नव्हतीच. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे लुथरन पास्टर अनाथ आणि गरीब मुलांची संस्था चालवायचे, मुलं रोज विचारून भंडावायची की नाताळला अजून किती दिवस, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रोजच्या छोट्या आणि रविवारच्या मोठ्या मेणबत्त्या लावल्या. कॅथलिक चर्चमध्ये ती पुढच्या शतकात रुजली.

गोठा मांडलेला असेल तर तोही बघा. मेंढपाळ, बैल, गाढव सगळे जमलेले आणि मधल्या गव्हाणीत नुसता पेंढा. बाळ २४ च्या रात्री ठेवतात. हरवलंय म्हणून मुलं हमखास ओरडतात, ओरडू द्या, नेमकं हेच त्यांना दिसायला हवं होतं. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळला खरी गव्हाणी, खरा पेंढा आणि जिवंत बैल-गाढव आणून मिस्सा करवली, तिथून गोठ्याची प्रथा पसरली असं मानतात. आणि कोणी शहाणा पोरगा विचारेलच तर सांगून ठेवते, शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, जन्माच्या वेळी बैल आणि गाढव नाहीयेत, गव्हाणी आहे फक्त. ते दोघं बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातून आलेत, पहिल्याच अध्यायात.

वेळ उरला तर भिंतीवरची १४ चित्रं बघा, ती येशूच्या क्रूसाच्या वाटेची, ॲडव्हेंटशी संबंध नाही पण मुलं विचारतात.

घरी दहा मिनिटांची तयारी

मिस्सेत रविवारी तीन वाचनं आणि एक स्तोत्र असतं. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, अ वर्षी मत्तयचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्कचं, क वर्षी लूकचं. २०२६ च्या ॲडव्हेंटपासून मार्कचं वर्ष, २०२७ पासून लूकचं, २०२८ पासून परत मत्तय. कुठलंही वर्ष असो, क्रम ठरलेला: पहिल्या रविवारी जागे राहा, दुसऱ्या-तिसऱ्याला बाप्तिस्मा देणारा योहान, आणि चौथ्याला कुठे जन्माच्या आधीची गोष्ट. म्हणजे पहिल्या रविवारी गेलात आणि बाळ येशूची गोड गोष्ट ऐकायला मिळेल अशी आशा ठेवलीत तर जगाचा शेवट आणि अचानक परत येणारा घरमालक ऐकून याल. ॲडव्हेंटचा पहिला भाग ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर आहे, १७ डिसेंबरपासून सगळा रोख बेथलेहेमकडे, येशूच्या जन्मगावाकडे वळतो.

आदल्या रात्री त्या रविवारचा शुभवर्तमानाचा उतारा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. २०२६ च्या दुसऱ्या रविवारचा उतारा म्हणजे मार्कच्या पहिल्या आठ ओवी, त्यात योहान उंटाच्या केसांचं कापड घालतो, टोळ खातो आणि रानमध खातो, एवढं पोरांना पुरतं, मिस्सेत फादर ते वाचायला लागले की कान टवकारतात. चौथ्या रविवारी मार्कमध्ये जन्मकथाच नसल्यामुळे लूककडून उसनं घेतात, गब्रिएल देवदूत मरियेकडे येतो तो प्रसंग. लूकच्या वर्षी मरिया एलिझाबेथला भेटायला जाते तो आणि मत्तयच्या वर्षी योसेफाचं स्वप्न.

कपडे साधे आणि अंगभर असले की झालं. घरातल्या कॅथलिक मंडळींना कम्युनियन घ्यायचं असेल तर त्याच्या एक तास आधीपासून काही खायचं नाही, पाणी आणि औषधं चालतात, म्हातारी आणि आजारी माणसं यातून मोकळी. आणि बऱ्याच वर्षांनी परत जाताय तर आधी कन्फेशन करा, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली. ॲडव्हेंटमध्ये बहुतेक चर्च त्यासाठी जास्तीच्या वेळा ठेवतात, पण शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात म्हणून दुसऱ्या आठवड्यातच उरकून घ्या. काय म्हणायचं ते आठवत नसेल तर आत गेल्या गेल्या फादरांना तसंच सांगा, ते पुढे नेतात.

रविवारी कुठे बसायचं

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. पहिल्या बाकावर बसू नका, पण पार मागेही नको. मागे बसलं की मुलांना काही दिसत नाही आणि दिसलं नाही की ती कंटाळतात, आणि पहिल्या बाकावर बसलात तर कधी उठायचं कधी बसायचं हे बघायला पुढे कोणीच नसतं. तिसरा-चौथा बाक, मधल्या वाटेच्या टोकाला, बाहेर पळायची वेळ आली तर सुटका असते. मूल रडायला लागलं तर बिनधास्त उठून बाहेर जा आणि शांत झालं की परत या. व्हीलचेअर असेल तर स्वयंसेवकांना आधी सांगा, ते जागा करून देतात.

बाकाच्या खाली गुडघे टेकायची उशी लावलेली फळी असते, घडी होते ती. मुलांच्या पायाने ती हमखास आपटते आणि शांत चर्चमध्ये तो आवाज असा घुमतो की बस. बसल्या बसल्या एका मोठ्याने तिच्यावर हात ठेवायची ड्युटी घ्या. मोबाईल सायलेंटवर नाही, बंदच करा, फोटो मिस्सा संपल्यावर.

मिस्सा चालू असताना

रविवारची मिस्सा साधारण तासाभराची. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं हे सारखं चालू असतं, पुढच्या बाकाकडे बघून उठा-बसा, गुडघे दुखणाऱ्यांनी बसून राहिलं तरी कोणाला काही वाटत नाही आणि जे कॅथलिक नाहीत त्यांनी गुडघे टेकलेच पाहिजेत असं अजिबात नाही.

सुरुवातीला हाराची मेणबत्ती लावतात, बऱ्याचदा एखाद्या कुटुंबाला बोलवून. त्यानंतर क्षमेची प्रार्थना, आणि मग ती गायब झालेली गोष्ट. एरवी रविवारी इथे ग्लोरिया गातात, ॲडव्हेंटच्या रविवारी नाही. त्याची पहिली ओळ म्हणजे बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेलं गाणं, लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं, म्हणून ते त्या रात्रीसाठी राखून ठेवतात. या दिवसात मधेच मोठा सण आला, जसा ८ डिसेंबरचा मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा, तर त्या दिवशी मात्र ते म्हणतात. मात्र शुभवर्तमानाच्या आधीचं आलेलुया हे स्तुतिगीत चालू राहतं, ते उपवासकाळात बंद असतं. म्हणून ॲडव्हेंटला नुसता दुसरा उपवासकाळ समजू नका, जांभळा रंग सारखा असला तरी सूर वेगळा आहे. फुलांचंही तसंच, मिस्सेच्या नियमावलीतच लिहिलंय की या काळात वेदीवरची सजावट आणि वाद्यं माफक ठेवा. त्यामुळे वेदी साधी दिसली तर चर्चचं बजेट कमी पडलं असं समजू नका.

शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटे क्रूस काढतात, मुलं लगेच कॉपी करतात, करू द्या. मग बसायचं, प्रवचन. हा मुलांचा अवघड वेळ. कागद-पेन्सिल द्या आणि चर्चमध्ये जे जांभळं दिसतंय ते सगळं काढायला सांगा.

प्रवचनानंतर विश्वासांगिकार, म्हणजे सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, त्यात देवाच्या पुत्राने मनुष्यदेह घेतला या ओळीला सगळे वाकतात. नाताळला त्याच ओळीला गुडघे टेकतात, दोन्ही वेळा गेलात तर लक्ष ठेवा. दानाची टोपली फिरते तेव्हा नाही टाकलं तरी चालतं, पुढे सरकवा. पुढे आमच्या स्वर्गातील बापा झाल्यावर फादर शांतीची खूण करायला सांगतात, आजूबाजूचे हात मिळवतात किंवा हात जोडून मान झुकवतात, समोरचा करेल तसं करा.

कम्युनियन

इथे घोटाळा होतो म्हणून नीट वाचा. प्रसाद म्हणून सगळ्यांना मिळतो असं समजून लाईनीत उभं राहू नका. कॅथलिक असलेल्या आणि तयारी करून आलेल्यांनीच घ्यायचं असतं, आणि मुलांनी पहिलं कम्युनियन झाल्यावरच, ते साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे होतं. बाकीच्यांनी बाकात बसून राहायचं आणि वाटेत असाल तर लोकांना जायला जागा द्यायची, यात अपमान वगैरे काही नाही. बऱ्याच चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर एकमेकांवर ठेवून पुढे गेलात तर फादर आशीर्वाद देतात, पण सगळीकडे नाही, मिस्सेच्या आधी कोणाला तरी विचारून ठेवा. मुलांना आधीच सांगा, नाहीतर ऐन वेळी 'मला का नाही' चालू होतं. आणि चुकून हातात दिलंच तर खिशात घालून घरी आणायचं नाही, तिथल्या तिथे परत द्यायचं, कॅथलिकांसाठी हा फार मोठा विषय आहे. घरात कोणाला ग्लुटेन चालत नसेल तर कमी ग्लुटेनची भाकर काही ठिकाणी असते, आधी सांगावं लागतं.

संपल्यावर

लगेच पळू नका. फादर सहसा दारात उभे राहतात आणि पहिल्यांदा आलोय म्हटलं की आनंदाने बोलतात, मुलांचे प्रश्न त्यांनाच विचारायला लावा. गुलाबी झग्याबद्दल विचारलं तर जरा लाजतात, चालायचंच. जाता जाता दाराजवळचं पत्रक उचला, त्यात नाताळच्या मिस्सांच्या वेळा, कन्फेशनचे दिवस आणि गरजूंसाठी काय गोळा करतायत ते असतं. काही चर्चमध्ये झाडाला चिठ्ठ्या लावतात, प्रत्येक चिठ्ठीवर एखाद्या मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला काय हवंय ते, एक चिठ्ठी पोराच्या हाताने काढा आणि ती वस्तू त्याच्यासोबत जाऊन आणा. परत कधी द्यायची ती तारीख चिठ्ठीवर असते, ती सहसा नाताळच्या बरीच आधीची असते.

पोरांनी रिकामी गव्हाणी बघितलेली असेल तर ती २४ ला परत न्या म्हणून मागे लागणारच. तेव्हा मध्यरात्रीच्या मिस्सेचा हट्ट धरू नका, त्याच दिवशी संध्याकाळी लवकरची एक मिस्सा बऱ्याच चर्चमध्ये असते, तीही नाताळचीच आणि ग्लोरिया त्यातही असतो. त्या मिस्सेला बाळ ठेवतात की मध्यरात्रीच्या, हे मात्र प्रत्येक चर्चमध्ये वेगळं असतं, तेवढं आधी फोन करून विचारा आणि मग निघा.